खडकावर चढण्याआधी गाडीतून उतरा

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंदूरच्या आमच्या ग्रुपनं नोव्हेंबरात जोधपूरच्या पलीकडे, खडकाळ वाळवंटात एक दिवसाचं रॉक क्रॉलिंग, म्हणजे खडकांवरून गाडी अगदी सावकाश चढवत-उतरवत नेणं, ठरवलंय. बारा गाड्या आहेत. माझी २०२२ची डिझेल महिंद्रा थार, मॅन्युअल, टायर कंपनीचेच. चोरलच्या बाजूला चिखलात चालवली आहे, एकदा वाळूतही; खडकावर कधीच नाही. वाट ‘अवघड’ आहे म्हणतात. जाऊ का? गाडीत काय काय बदलू? बायको आणि नऊ वर्षांची मुलगी येते म्हणतायत, त्यांना आणू का?

जा. गाडी पुरेशी आहे, बदलायचंही फार काही नाही. मात्र तुम्ही जे विचारलेलंच नाही तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं: दिवसभरात गाडीच्या बाहेर किती वेळ उभे राहणार? माझ्या मते निदान अर्धा दिवस. बावीस वर्षं हा नाद आहे. सुरुवात जुन्या मारुती जिप्सीवर केली आणि पहिल्या चार-पाच वर्षांत जे काही मोडलं ते जवळजवळ सगळं सीटवरून न उतरल्यामुळे मोडलं. पुढे काय आहे ते बॉनेटवरून दिसत नाही, आणि दिसतंय असं मात्र वाटत राहतं.

चिखलातली आणि वाळूतली सवय इथं आधी विसरावी लागते. तिथं गाडी थांबली की रुतते, म्हणून आपण रेटा ठेवतो. खडक मात्र हटत नाही. तुम्ही दिलेला सगळा जोर परत गाडीतच येतो, मग कधी टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा) वाकतो, कधी चेंबरला, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीला, खड्डा पडतो. माणूस सावकाश चालतो त्याहूनही कमी वेग ठेवा. ताशी दोन किलोमीटरनं गेलात तर उत्तम चालवताय असं समजा.

मोआबचे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेले असतात, तुम्हीही पाहिले असतील. अमेरिकेतल्या युटामधलं ते गाव. १९६७ पासून तिथं ईस्टरच्या सुमारास जीपवाल्यांची जत्रा भरते. भिंतीसारख्या उतारावर गाड्या पालीसारख्या चढताना दिसतात. त्या खडकाला ‘स्लिकरॉक’ म्हणतात, म्हणजे निसरडा. पण ते नाव लोखंडी नाल ठोकलेल्या घोड्यांच्या काळातलं आहे. रबराला तो वालुकाश्म सॅण्डपेपरसारखा धरतो. शिवाय त्या गाड्यांना पस्तीस-सदतीस इंची टायर असतात आणि रिमला टायर आवळून धरणारे बीडलॉक. आपल्या माळव्यातला काळा बेसॉल्ट तसा नाही. कोरडा असला तर पकड देतो, पण त्याचे गोटे गोल होऊन सुटतात आणि चाकाखालून सटकतात. जोधपूरकडे दोन्ही प्रकार भेटतील. मेहरानगड ज्या कातळावर उभा आहे तो रायोलाइट, तोही ज्वालामुखीचाच, पण आपल्या बेसॉल्टपेक्षा सुमारे दहापट जुना. तो फुटतो तेव्हा कडा धारदार निघतात. त्याच्यावरचा वालुकाश्म खरखरीत असतो, पकड छान देतो, पण कडेवर वजन आलं की ढलपा निघू शकतो. दोन्हीवर वाळूचा पातळ थर बसलेला असेल तर चाकाखाली छर्रे पसरल्यासारखं होतं. जिथं चाक ठेवायचं तिथली वाळू बुटानं बाजूला करा. वेडेपणा वाटेल, पण मी दर वेळी करतो.

आता ‘अवघड’ या शब्दाबद्दल. आपल्याकडे त्याला काही मोजमाप नाही. कुणाचं अवघड म्हणजे खड्ड्यांचा रस्ता, कुणाचं अवघड म्हणजे कोसळलेला डोंगर. आयोजकांना एवढंच विचारा: सर्वांत उंच सरळ पायरी किती? घोट्याइतकी, गुडघ्याइतकी की मांडीपर्यंत? तुमच्या थारला २५५/६५ आर १८ टायर असतील तर चाकाची उंची साधारण ७९ सेंटिमीटर भरते, म्हणजे अर्धी चाळीसच्या जरा आत. मारुती जिम्नीच्या १९५/८० आर १५ ची निम्मी उंची पस्तीसच्या आसपास. चाकाच्या निम्म्या उंचीपर्यंतची पायरी कंपनीची गाडी सावकाश चढते. त्याहून उंच असेल तर दगड रचून मधली पायरी करावी लागेल, नाहीतर बाजूनं जायची वाट, ज्याला आम्ही ‘चिकन लाइन’ म्हणतो, ती आहे का ते विचारा. ती आहे असं सांगणारा आयोजक भरवशाचा. ‘आपल्यात कोणी चिकन नाही भिया’ असं उत्तर आलं तर मी तरी जाणार नाही.

गाडीचे कोन, म्हणजे पुढचा भाग, मागचा भाग आणि पोट न टेकता किती चढ-उतार झेपतो, ते तुम्ही ब्रोशरमध्ये वाचले असतील: थारचा पुढचा ४१.८ अंश, मागचा ३६.८, मधला २७. पहिल्या दोघांचं कौतुक सगळे करतात, पण खडकावर सतावतो तो तिसरा. पुढची चाकं उतरली, मागची अजून चढायची आहेत, आणि पोट खडकावर टेकलं. बाजूला पाय ठेवायला फूटस्टेप लावून घेतली असेल तर ती घरीच काढून ठेवा. खडकावर सगळ्यांत आधी तीच चेपते आणि जाता जाता दाराखालचा पत्राही दुमडते. माझ्या गाडीची ‘क्लीनर साइड’, म्हणजे चालकाच्या पलीकडची बाजू, अशीच गेली. ती गोष्ट पुढे येईल.

हवा. यावर पैसा खर्च होत नाही म्हणून लोक याला किंमत देत नाहीत, पण एवढ्यानंच निम्मं काम होतं. दारावरच्या पट्टीवर लिहिलेली हवा रस्त्यासाठी असते. ती कमी केली की टायर खडकाच्या आकाराला बसतो, टेकणारी जागा लांब होते, धक्केही तोच पचवतो. साध्या रिमवर १८ ते २० पीएसआय ठीक. पंधराच्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निघू शकतो. आता याची दुसरी बाजू: हवा कमी केली की टायरची भिंत फुगून बाहेर येते आणि धारदार कडेला आयतीच सापडते. तळव्याचं पंक्चर पट्टी घालून निघतं, भिंत कापली गेली तर टायर गेलाच. म्हणून रायोलाइटसारख्या तीक्ष्ण दगडात मी २०-२२ वर थांबतो आणि थोडी पकड सोडून देतो. तिकडे विलायती बाभूळ उदंड आहे, तिचा काटाही त्याच फुगलेल्या भिंतीत घुसतो. तुमच्यासारखीच थार आणखी कोण आणतंय ते आधीच बघून ठेवा, म्हणजे दोघांत मिळून दोन स्टेपन्या होतील. जिम्नीवाल्याची स्टेपनी तुमच्या उपयोगाची नाही.

फोर-एल, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा सावकाश गिअर, टाकायला गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबा, गिअर न्यूट्रल करा आणि मग लिव्हर ओढा. थारमध्ये त्याचं गुणोत्तर २.४८ आहे, म्हणजे त्याच गिअरमध्ये, तेवढ्याच आरपीएमला चाकांपर्यंत अडीचपट ताकद जाते आणि वेग अडीचपट उतरतो. पहिला गिअर घाला, क्लचवरून पाय काढा आणि तो जमिनीवर ठेवा. खरंच, पाय जमिनीवर. अर्ध्या क्लचवर गाडी तोलत राहायची शहरातली सवय, सराफ्याच्या गर्दीत लागलेली, खडकावर दहा मिनिटांत क्लचचा वास काढते. चढताना इंजिन आयडलवर स्वतः ओढतं, डिझेलचा फायदाच तो. मध्येच बंद पडलं तर घाबरू नका: ब्रेक पूर्ण, हँडब्रेक वर, मग क्लच. चढ अर्ध्यावर सोडावा लागला तर वळायचा विचारही करू नका. रिव्हर्स घाला आणि जसे गेलात तसेच सरळ मागे या. आडव्या झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत त्यांतल्या बहुतेक चढावर वळायला गेलेल्या होत्या.

मागच्या ॲक्सलला लॉकिंग डिफरन्शियल (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) आहे का ते तुमच्या व्हेरिअंटचं मॅन्युअल काढून बघा, सगळ्यांना नसतं. असेल तर ते आपोआप लागणारं आहे. एक चाक दुसऱ्यापेक्षा जोरात फिरायला लागलं की खट् करून लागतं आणि गाडी एकदम झेप घेते. ती झेप कुठं जाईल हे आधी ठरवून ॲक्सिलरेटर हलका द्या. पुढच्या ॲक्सलचं काम ब्रेकवर चालतं: हवेत फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतः ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. त्याला एक-दोन सेकंद लागतात. नवखा माणूस नेमका तेवढ्यातच पाय काढतो. पिथमपूरला बनते ती फोर्स गुरखा ग्रुपमध्ये असेल तर तिचे पुढचे-मागचे लॉक चालकाच्या हातात असतात. ते अडथळ्याच्या आधी लावायचे आणि उतरल्यावर काढायचे.

चाक कुठं ठेवायचं? बहुतेकांना वाटतं दगड दोन चाकांच्या मध्ये घ्यावा. चुकीचं. दगड चाकाखाली घ्या. चाक दगडावर चढलं की गाडी वर उचलली जाते. दगड मध्ये घेतला की तो डिफरन्शियलच्या गोळ्याला, नाहीतर चेंबरला भिडतो. थारमध्ये आणखी एक खोच आहे. मागचा ॲक्सल एकसंध आहे, त्याच्या गोळ्याखालची जागा कायम तेवढीच राहते. पुढची चाकं मात्र स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. गाडी पुढे आदळली, सस्पेन्शन दबलं, की पोटाखालची जागाही तेवढी कमी होते. म्हणून पायरी उतरताना ब्रेकवर पाय ठेवून गाडी हळू ‘ठेवायची’, पडू द्यायची नाही. स्टिअरिंग धरताना अंगठे रिमच्या आत अडकवू नका. चाक दगडाला अडलं की स्टिअरिंग झटका देतं.

आता बाहेर उभं राहून इशारे देणाऱ्या माणसाकडे, म्हणजे स्पॉटरकडे येतो.

इंदूरच्या माणसाला दुसऱ्याची गाडी पार्क करून द्यायची जन्मजात हौस. गाडी जरा मागं घेतली की पानवाल्यापासून सगळे ‘आन दे, आन दे, काट ले’ म्हणत हात हलवतात. हीच हौस खडकावर घेऊन गेलो की गाडी आपटते. महूच्या पुढे एका बंद गिट्टी खदानीत आम्ही सराव करत होतो, मालकाला विचारून. मी चढत होतो, बाहेर आठ जण. एक म्हणतो काट, दुसरा म्हणतो सीधा रख, तिसरा मोबाइलवर शूटिंग करता करता म्हणतो भिया गॅस दे. मी ऐकलं कुणाचं, तर ज्याचा आवाज सगळ्यांत मोठा त्याचं. फूटस्टेप चेपली, तिनं दाराखालचा पत्रा आत ढकलला आणि दार तीन आठवडे उघडलं नाही. चूक ओरडणाऱ्यांची नव्हती. कुणाचं ऐकायचं हे मी चढण्याआधी ठरवलंच नव्हतं.

त्या दिवसापासून आमचा नियम असा: चालवायचा इशारा एकच माणूस देणार, थांबवायचा इशारा कुणीही देऊ शकतो. मूठ वर केली म्हणजे थांब, मग ती मुलानं केलेली असो की चहावाल्यानं. डावं-उजवं म्हणायचं नाही, कारण स्पॉटर तुमच्याकडे तोंड करून उभा असतो आणि त्याचं डावं ते तुमचं उजवं. ‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘क्लीनर साइड’ म्हणायचं, ट्रकवाल्यांसारखं. हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला पुढची चाकं जातील. स्पॉटर दिसेनासा झाला की गाडी थांबलीच पाहिजे. तो जागा बदलेल, दिसेल, मग पुढं. त्यानं स्वतः कुठं उभं राहायचं? पाच-सहा मीटर पुढे, जरा तिरका, उतार असेल तर वरच्या अंगाला. गाडी आणि खडक यांच्या मध्ये कधीच नाही, फोटोसाठीही नाही.

तुमच्यासाठी माझा आग्रह हाच. पहिले दोन अडथळे तुम्ही जाऊ नका, बाहेर उभे राहा. दुसऱ्या थारच्या मागच्या चाकाकडे बघा; पुढच्याकडे सगळेच बघतात. मागचं चाक पुढच्याच्या वाटेनं जात नाही, वळताना आतल्या बाजूनं कापतं. हे दहा मिनिटं पाहिलं की सीटवर बसून दहा दिवसांत जे कळलं नसतं ते कळतं. जमल्यास तिसऱ्या गाडीला अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहून तुम्हीच इशारे द्या.

तुमच्या ग्रुपच्या बेतात मला एक अडचण दिसते, ती हिशेबाची. बारा गाड्या, एका अडथळ्याला गाडीमागे आठ मिनिटं धरली तरी शहाण्णव मिनिटं. असे पाच अडथळे म्हणजे आठ तास, आणि नोव्हेंबरात उजेड जेमतेम अकरा तास. जेवण, अडकणं, पंक्चर धरलं की शेवटच्या दोन गाड्या अंधारात. आणि गाडी मोडते ती तेव्हाच, कारण सगळे थकलेले आणि घाईत असतात. सहा-सहाचे दोन गट करा, अर्ध्या तासाच्या अंतरानं. प्रत्येक गटात पुढे एक आणि शेवटी एक अशी तयारीची गाडी. नवख्याला दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ठेवा, म्हणजे वाट पाहून झालेली असते आणि तोवर उन्हानं वैतागलेला नसतो. पहाटे निघा. नुसत्या उन्हामुळे म्हणत नाही, नोव्हेंबरात ते सोसतं. पण ऊन डोक्यावर आलं की सावल्या आखडतात आणि खड्ड्याची खोली डोळ्यांना कळेनाशी होते. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक पायरी कोरून ठेवल्यासारखी दिसते.

अडकलेली गाडी काढताना खडकात घाई नको. वाळूत आपण लवचीक दोर लावून झटका देतो. खडकात अडकलेल्या गाडीला झटका दिला तर दोर नाही, गाडीचा तुकडा येतो. दगड रचा, विंच (दोर गुंडाळत ओढणारं यंत्र) असेल तर तिनं सावकाश ओढा. दोर टो पॉइंटलाच, म्हणजे गाडी ओढायच्या हुकालाच लावायचा, बंपरला किंवा ॲक्सलला नाही. दोरावर गोधडी किंवा जाड सतरंजी टाकायची, आणि दोर ताणलेला असताना त्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहायचं नाही. रचलेले दगड नंतर होते तिथं परत ठेवा. आणि दगड उचलण्याआधी तो बुटानं किंवा फावड्यानं उलटा करा. त्या भागात फुरसं आहे, त्याला दगडाखालचीच जागा आवडते, आणि ते मातीच्या रंगाचं असल्यामुळे दिसत नाही.

वाट कुणाची आहे हेही विचारून घ्या. मोकळा माळ दिसला म्हणजे तो बेवारशी नसतो. राजस्थानात गावागावांचं ओरण असतं, आपल्या देवराईसारखं. तिथं काडीही तोडत नाहीत. जोधपूरजवळच्या खेजडलीत १७३० मध्ये खेजडीची झाडं वाचवताना ३६३ बिश्नोईंनी जीव दिला, त्या मुलखात तुम्ही बारा गाड्या घेऊन जाताय. सरपंचाला आधी भेटा, गावातला एक माणूस सोबत घ्या. तो वाटही चांगली दाखवतो.

बदलांबद्दल थोडक्यात. मोठे टायर, गाडी उंच करायचं लिफ्ट किट वगैरे आत्ता काही करू नका. कंपनीच्या नोंदीबाहेरचे फेरफार मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलंय. विम्याची पॉलिसीही वाचा, शर्यत आणि ‘रिलायबिलिटी ट्रायल’ तीत वगळलेल्या असतात. पैसे घालायचेच असतील तर चेंबरखाली जाड पत्र्याचा स्किड प्लेट, हवा भरायचा चांगला काँप्रेसर आणि दोर अडकवायला दोन रेटेड शॅकल (किती भार पेलतात ते लिहिलेली कडी), बस्स. पाणी माणशी पाच लिटर, त्याशिवाय रेडिएटरसाठी वेगळा कॅन. हळू चालताना समोरून वारा लागत नाही, सगळा भार पंख्यावर असतो; तापमानाचा काटा बघत राहा.

परतीचा प्रवास जवळपास सहाशे किलोमीटरचा आहे, आणि मी घाबरतो तो त्यालाच. एकदा राजस्थानातून येताना आम्ही बाहेरून टायर पाहिले, हवा भरली आणि निघालो. मागच्या डाव्या टायरच्या आतल्या भिंतीला काप होता, बाहेरून दिसण्यासारखा नव्हताच. नीमच सोडल्यावर ताशी नव्वदवर तो फुटला. रस्ता रिकामा होता म्हणून हे लिहितोय. आता मी सतरंजी अंथरून गाडीखाली झोपतो: टायर आतून बघतो, ब्रेकचे पाइप हातानं चाचपतो, टाय रॉड बघतो, चाकांचे नट पान्यानं आवळतो. पन्नास किलोमीटरवर पुन्हा एकदा नट.

घरच्यांना जरूर आणा. मुलीला मात्र खडकावर चालत्या गाडीत बसवू नका. गाडी डावी-उजवी झुलते आणि लहान मुलाचं डोकं थेट काचेवर जातं. वहिनींना स्पॉटिंग करून बघायला सांगा. आमच्यातला सगळ्यांत भरवशाचा स्पॉटर म्हणजे लोकमान्य नगरच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नाही. मुलीच्या हातात प्रेशर गेज द्या, बाराही गाड्यांची हवा ती मोजेल. गेज मात्र एकच ठेवा आणि दिवसभर तोच वापरा. माझ्याकडे तीन आहेत, आणि तिन्ही एकाच टायरची वेगवेगळी हवा दाखवतात.